तारखेला दंड, ब्रेकला माफी!

रिक्षाच्या पासिंगला एक दिवस उशीर झाला की पन्नास रुपये. दोन दिवस झाला की शंभर. मालक तापाने अंथरुणाला खिळलेला असो, रिक्षा गॅरेजात इंजिन उघडून पडलेली असो, नाही तर पुराचे पाणी दाराशी आलेले असो. दंडाचे मीटर थांबत नाही. वर्षभरात ते १८,२५० रुपयांवर जाते. केंद्र सरकारच्या २९ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने हा दंड जन्माला घातला. एखाद्या रिक्षावाल्याने प्रवाशाला बसवून इतक्या बेफामपणे मीटर पळवले असते, तर याच परिवहन खात्याने त्याचा परवाना निलंबित करून वर पाठ थोपटून घेतली असती. सरकारने मीटर पळवले की मात्र त्याला ‘अतिरिक्त शुल्क’ म्हणायचे आणि रयतेने मुकाट्याने मोजायचे! आम्ही मुकाट राहणार नाही.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये या दंडाची वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. थकलेले आकडे पाहून अनेकांचे डोळे पांढरे झाले होते. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून सरकारला स्थगितीची उपरती झाली. पण स्थगितीने नियम मरत नाही. केंद्राच्या पुस्तकात तो शाबूत आहे आणि तो हवा तेव्हा बाहेर काढता येतो. ज्या दंडाचे समर्थन करायला निवडणुकीच्या वर्षात एकाही मंत्र्याची जीभ रेटत नाही, तो बाकीच्या चार वर्षांत न्याय्य कसा ठरतो, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

खासगी गाडीवाल्याची गत निराळी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. तत्त्वाबद्दल वाद नाही. पंधरा वर्षे पळालेली गाडी सरकारने एकदा नीट पाहावी. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग तपासावे, धूर मोजावा आणि मगच तिला पुन्हा रस्त्यावर सोडावे, याला कोणताही शहाणा माणूस हरकत घेणार नाही. पण केंद्र सरकारने या तपासणीवर आधी नजर टाकली ती किमतीसाठी. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० रुपयांवरून १,००० झाली. मोटारीची ६०० वरून थेट ५,०००. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि मोटारीला महिन्याला ५०० रुपये. एवढ्यानेही पोट भरले नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांची फी आणखी दुप्पट केली गेली: दुचाकीला २,०००, मोटारीला १०,०००. राज्य सरकार तरी मागे का राहील? पंधरा वर्षे उलटलेल्या दुचाकीवर पाच वर्षांसाठी २,००० रुपयांचा पर्यावरण कर ते २०१० पासून लावत आले आहे. पेट्रोल मोटारीवर ३,००० आणि डिझेलवर ३,५००.

हे आकडे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर किरकोळ वाटत असतील. ते कुणाच्या खिशातून निघतात ते पाहायचे असेल तर मंत्रिमहोदयांनी एखाद्या दिवशी पहाटे पाच वाजता कुठल्याही तालुक्याच्या दूध डेअरीसमोर उभे राहावे. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेली बजाजची एम-८०, हँडलला लटकवलेले माप, फाटक्या सीटवर दाबून बसवलेला पोत्याचा तुकडा, हेडलाइटच्या काचेला सेलोटेप. ही गाडी दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालते आणि एका घराची चूल पेटवते. तिचे उत्पादन कधीच थांबले आणि तिचे वय वीसच्या पुढे. तिला कायद्यात बसवायची तर नूतनीकरणाचे २,०००, पर्यावरण कराचे २,०००, नव्या नंबरप्लेटचे ४५० आणि त्यावर जीएसटी, शिवाय विमा आणि पीयूसी. मालकाला दोन वर्षे उशीर झाला असेल तर आणखी ७,२०० रुपये. म्हणजे बारा हजारांच्या घरात खर्च! आठवड्याच्या बाजारात ही गाडी विकायला उभी केली तर त्याच्या निम्मे तरी कुणी देईल काय? नाकापेक्षा मोती जड झाला की माणूस मोती काढून ठेवतो. इथे तो कागद काढून ठेवतो आणि गाडी तशीच चालवतो. बेकायदा वाहनांची ही पलटण उभी करणारा कारखाना दूधवाल्याच्या गोठ्यात शोधू नका. तो नवी दिल्लीत आणि मुंबईत, दंडाचे कोष्टक आखणाऱ्या टेबलावर आहे.

आता एवढे पैसे भरल्यावर सरकार गाडीचे काय तपासते ते पाहू. पासिंगच्या मैदानावर सकाळी फेरफटका मारणाऱ्या कुणालाही हे उघड गुपित ठाऊक आहे. आदल्या रात्री भाड्याने आणलेले टायर चढतात. पासिंग झाले की संध्याकाळी पुन्हा गुळगुळीत टायर चाकांवर येतात. प्रथमोपचाराची पेटी या गाडीतून त्या गाडीत फिरत असते. रिफ्लेक्टरची पट्टी गेटाबाहेरच्या टपरीवर हवी तेवढी कापून मिळते. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा उमटला की तो अर्जाला डकवायचा. ठसा पुसट आला तर अर्ज माघारी येतो. ब्रेक पुसट लागला तर? ब्रेकचा ठसा अर्जावर उमटत नाही, म्हणून त्याची चौकशीही होत नाही. ब्रेक खरोखर लागतो की नाही हे पाहायला २५० मीटरचा ट्रॅक असला पाहिजे, एवढी साधी गोष्टसुद्धा या खात्याला स्वतःहून सुचली नाही. जनहित याचिका दाखल झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाला ती कान धरून सांगावी लागली. नंबरप्लेटचा फोटो, चासीचा ठसा, फीची पावती, विम्याची प्रत यांची फाइल पूर्ण झाली की गाडी तंदुरुस्त!

धुराचीही तीच कथा. पेट्रोल पंपाच्या कडेला पीयूसीची व्हॅन उभी असते. दुचाकीला ५० रुपये, डिझेल मोटारीला १५०. किती ठिकाणी त्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये खरोखर नळी जाते आणि किती ठिकाणी नुसता नंबरप्लेटचा फोटो संगणकात जातो, हे सांगायला कुणी भविष्यवेत्ता नको. काळा धूर ओकत घाट चढणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये हात घाला, मुदतीतले प्रमाणपत्र निघेल. त्या ट्रकच्या मागे तोंडाला रुमाल बांधून जाणाऱ्या दुचाकीवाल्याची पीयूसी कालच संपली असेल तर कायदा त्याला मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही भीती दाखवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा न्याय!

जुनी इंजिने नव्यापेक्षा अधिक धूर सोडतात, म्हणून वयावर कर लावणे योग्यच आहे, असे शहाणपण आम्हाला शिकवले जाईल. पहिले अर्धे वाक्य खरे आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनात आजच्या भारत स्टेज सहाची यंत्रणा नाही, हे आम्हीही जाणतो. मग धूर मोजा ना! नळी लावा, आकडा काढा आणि आकड्याप्रमाणे कर लावा. प्रमाणाबाहेर गेली तर गाडी जागीच थांबवा, आम्ही टाळ्या वाजवू. बैलबाजारात शेतकरीसुद्धा दात मोजून वय काढतो, पण तेवढ्यावर व्यवहार करत नाही; खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, खांद्यावर जू ठेवून पाहतो. परिवहन खाते फक्त दात मोजते आणि पावती फाडते. दिवसाला दहा किलोमीटर चालणारी, मालकाने जिवापाड जपलेली जुनी स्कूटर पर्यावरणाची शत्रू. आणि चौकात एकटा माणूस घेऊन एसी लावून ताटकळणारी तीन वर्षांची अजस्र डिझेल गाडी पर्यावरणाची मैत्रीण! हा कर पर्यावरणाचा असेल तर २०१० पासून त्यातून किती कोटी जमले आणि त्यातले किती हवेवर, झाडांवर, सार्वजनिक बसवर खर्च झाले, याची श्वेतपत्रिका सरकारने काढावी. हिशेब देता येत नसेल तर करावरचे ‘पर्यावरण’ हे पवित्र नाव आधी पुसावे.

तारखेबद्दल इतके कठोर असलेले हे सरकार स्वतःच्या तारखा कशा पाळते? १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याची मुदत आधी मार्च २०२५ अखेर होती. ती जूनवर गेली, मग ऑगस्टवर, मग नोव्हेंबरवर, मग वर्षअखेरीवर. केंद्रे अपुरी, नोंदणी रखडलेली, यंत्रणा तोकडी. म्हणून सरकारने स्वतःलाच मुदतवाढीवर मुदतवाढ बहाल केली आणि एक पैसाही दंड भरला नाही. ज्यांनी धाकापोटी पहिल्या मुदतीत रांगा लावल्या ते मूर्ख ठरले. २०२३ मध्ये स्मार्ट कार्डांचा तुटवडा झाला, कार्डाचे पैसे आगाऊ भरलेले वाहनमालक पोस्टमनची वाट पाहत महिनोन्‌महिने बसले. आरसी उशिरा धाडली म्हणून खात्याने त्यांना दिवसाला पन्नास रुपये मोजले काय? करोनाच्या काळात कार्यालयांना कुलपे होती, तेव्हा केंद्रानेच कागदांची मुदत वाढवत वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली. म्हणजे तारीख काही ब्रह्मदेवाने लिहिलेली नसते. सरकारची अडचण असली की ती सरकते आणि नागरिकाची अडचण असली की ती दगडाची होते.

याहून कडेलोट असा की, १ एप्रिल २०२३ पासून सरकारने पंधरा वर्षांवरील स्वतःच्या गाड्यांचे नूतनीकरणच बंद केले. चांगले केले. पण साहेबांची जुनी जीप भंगारात गेली की तिच्या जागी तिजोरीतून नवी येते. ती तिजोरी त्याच दूधवाल्याच्या करावर भरते. त्याची गाडी भंगारात गेली तर तिच्या जागी नवी कोण देणार?

आणि हा कारभार ज्या दारातून चालतो त्या दाराची शोभा पाहा. ‘सर्व सेवा ऑनलाइन’ असा डांगोरा पिटला जातो. अर्ज ऑनलाइन करायला बसावे तर पंधरा वर्षांपूर्वी नोंदवलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो आणि ओटीपी त्याच क्रमांकावर जातो. तो बदलावा तर आधार जुळत नाही. दहा वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असतो आणि बँकेचे ना हरकत पत्र जुने झालेले असते. ई-चलन थकलेले निघते, तेही कधी दुसऱ्याच्याच गाडीच्या फोटोचे. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. या अडथळ्यांच्या शर्यतीत ते साठ दिवस कसे उडतात हे कळत नाही आणि एकसष्टाव्या दिवशी दंड दार ठोठावतो. मग माणूस झक मारत गेटाबाहेर छत्रीखाली बसलेल्या एजंटाकडे जातो. तिथे आधारही जुळतो, बोजाही उतरतो, गाडी न नेतासुद्धा ती तपासली जाते! जानेवारी २०१५ मध्ये परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी या एजंटांना आरटीओच्या आवारातून हाकलण्याचा आदेश काढला. राज्यभर थयथयाट झाला. पुढे झगडे त्या खुर्चीवरून गेले; एजंट मात्र आजही त्याच छत्रीखाली आहेत. आयुक्तांची बदली होते, एजंटाची होत नाही, एवढ्या एका ओळीत या खात्याचा इतिहास लिहून संपतो.

इथवर सरकारची झाडाझडती झाली. आता नागरिकांनीही कान उघडे ठेवावेत, कारण आम्ही कुणाची भाटगिरी करायला बसलेलो नाही. नूतनीकरणात एक कागद असा आहे की ज्याची मुदत चुकवणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे: थर्ड पार्टी विमा. रस्त्यावरील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, ही गोष्ट संसदेपुढे मांडली गेली आहे. निम्म्याहून अधिक! दीडशे सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये आणि वर जीएसटी. दिवसाला जेमतेम दोन रुपये. सायलेन्सर कर्कश करायला हजारो उधळणाऱ्या, दादा-भाऊच्या अक्षरांतली नंबरप्लेट रंगवून घेणाऱ्या आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या रॅलीत टाकी फुल करून निघणाऱ्या मर्दांना हे दोन रुपये जड होतात! ते ज्याला उडवतात त्या पादचाऱ्याची विधवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवते, निकाल तिच्या बाजूने लागतो, आणि वसूल कुणाकडून करायचे तर ज्याच्या नावावर त्या मोटारसायकलखेरीज काहीही नाही त्याच्याकडून. तो निकाल मग भिंतीला टांगायचा.

ज्यांना वाटते की विमा आहे तेवढे पुरे, आरसीची तारीख गेली तर काय बिघडले, त्यांनीही भ्रमात राहू नये. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली मोटार चोरीला गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विमा कंपनीला भरपाईतून मोकळे केले. हप्ते भरूनही हाती शून्य! तेव्हा तारखा पाळा, पाळायलाच हव्यात. सरकारच्या हावरेपणाचा आमचा संताप म्हणजे कुणाच्या बेपर्वाईला दिलेली सनद नाही.

पण याच ठिकाणी सरकारचे पाप सर्वांत काळे दिसते. विम्याविना गाडी चालवणाऱ्याला, म्हणजे दुसऱ्याच्या संसाराशी जुगार खेळणाऱ्याला, पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? २,००० रुपये. आणि विमा भरलेल्या, ब्रेक ठाकठीक असलेल्या दुचाकीचे नूतनीकरण दोन वर्षे राहिले तर? ७,२०० रुपये. जिवाला दोन हजार आणि कागदाला सात हजार! २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पाच वर्षे संपताच लाखो गाड्या त्या छत्राखालून बाहेर पडतात. कोणत्या गाडीचा विमा कोणत्या दिवशी संपला हे ‘वाहन’ पोर्टलला ठाऊक असते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडली की कॅमेरा नंबर टिपतो आणि घर गाठण्याआधी चलन मोबाइलवर येते. एवढी तीक्ष्ण नजर विमा संपलेल्या गाडीपुढे नेमकी आंधळी का होते? उलट कागदात कागद अडकवण्याची हौस अशी की, २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण नाही अशी अट आली. त्यामुळे लोक विम्यालाच मुकू लागले आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती मागे घ्यावी लागली. या धड्यातून दिल्लीचे आणि मुंबईचे परिवहन खाते काय शिकले? शून्य.

आमच्या मागण्या सरळ आहेत. दिवसाचा आणि महिन्याचा दंड रद्द करा. विलंब शुल्क मूळ फीपेक्षा एक रुपयाही अधिक होता कामा नये. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी मालकाला लेखी नोटीस धाडणे खात्यावर बंधनकारक करा. वीजमंडळ बिल पाठवते, आयुर्विमा हप्त्याची आठवण देतो, मग परिवहन खात्याच्या हाताला काय मेंदी लागली आहे? नोटीस नाही तर दंडही नाही. तपासणी यंत्राने करा. नाशिकला यंत्रांवर वाहन तपासणारे केंद्र उभे राहून बरीच वर्षे झाली. तशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात उभारा आणि तालुक्याच्या शिबिरांत फिरती यंत्रे न्या, म्हणजे रिक्षावाल्याचा दिवसाचा धंदा बुडणार नाही आणि माणसाच्या डोळ्यांवर नोटेची पट्टीही बांधता येणार नाही. फी वयावर नको, निकालावर ठेवा: ज्याचे ब्रेक आणि धूर प्रमाणात, त्याला नाममात्र शुल्क, ज्याचे नाही, त्याची गाडी दुरुस्त होईपर्यंत बंद, मग ती दोन वर्षांची असो की वीस. आणि विमा संपलेल्या प्रत्येक वाहनमालकाला आठ दिवसांत चलन पोहोचवा. कठोर व्हायची एवढी हौस असेल तर ती तिथे भागवा.

केंद्रात हे खाते नागपूरच्या नितीन गडकरींकडे आहे आणि राज्यात परिवहनमंत्री आपलेच आहेत. तेव्हा फाइल परक्या मुलखात अडली, ही सबबही चालणार नाही. रिक्षावाला, दूधवाला, पेपरवाला कायदा मोडायला निघालेले नाहीत. कायदा पाळणे परवडावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. कायदा पाळणे ही ज्या राज्यात पैसेवाल्याची चैन होते, त्या राज्यात गरीब आधी कायद्याला चुकवायला शिकतो, मग त्याला हसायला शिकतो. राज्यकर्त्यांनो, लोक हसू लागले की दंडाचा आकडा कितीही फुगवा, कायद्याचा गेलेला धाक कोणत्याही खिडकीवर, कोणतीही फी भरून नूतनीकरण करून मिळत नाही.